जॅकप्लेट बसवली आणि बोटीचा पिकअप गेला: दोष कुठे शोधायचा

होळी उलटली की हतनूर धरणाचं पाणी उतरायला लागतं आणि चांगदेवकडच्या अंगाला, तापी-पूर्णेच्या संगमापाशी, गाळ वर येतो. सारंगखेडा, प्रकाशा, सुलवाडे या बॅरेजांच्या मागे किंवा नवापूरकडे उकाई धरणाच्या फुगवट्यात बोट घालणाऱ्यालाही उन्हाळ्यात पंख्याखाली किती पाणी उरलंय याची धास्ती असतेच. मग कोणीतरी सुचवतं की जॅकप्लेट लाव, इंजिन वर उचलता येईल. सल्ला योग्य असतो. प्लेट येते, बसते, बोट पाण्यात जाते आणि तक्रारी सुरू होतात. पिकअप गेला, इंजिन नुसतं ओरडतं, वेग मिळत नाही, नाक आपटतं, वळताना पंखा सुटतो, म्हणजे पाण्यावरची पकड सोडतो.

यानंतर बहुतेक जण इंजिन खोलतात. कार्बोरेटर साफ होतो, प्लग बदलतात, पैसे जातात, बोट तशीच राहते. नव्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे की कालपर्यंत धड चाललेलं इंजिन प्लेटचे बोल्ट आवळल्यानं आतून बिघडत नाही. बदलली आहे ती त्याची जागा. तेव्हा जागेमुळे काय काय हललं ते आधी क्रमानं बघा आणि पाना इंजिनच्या पोटाला सगळ्यात शेवटी लावा.

हा लेख बास बोटीसाठी आहे, तसाच त्या घडणीच्या कुठल्याही फायबर बोटीसाठी आहे. बास बोट मूळची अमेरिकेतली. तिथल्या तलावांत ब्लॅक बास मासा गळानं धरण्यासाठी बनवलेली ही बसकी, वेगवान बोट. तिकडे १८ ते २१ फुटी बोटीवर १५० ते २५० एचपीचं इंजिन सर्रास असतं. आपल्या तापीत बास नाही, रोहू-कटला-मरळ आहेत आणि इंजिनंही बरीच लहान असतात. पण पाण्यावर उठून पळणारी बोट ४० एचपीची असो की २०० ची, तिला लागू पडणारं गणित एकच.

प्लेटनं नेमकं काय बदललं

जॅकप्लेट म्हणजे बोटीची मागची फळी आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारा धातूचा आधार. हातानं बोल्ट फिरवून वरखाली होणारा एक प्रकार, बटणावर चालणारा हायड्रॉलिक दुसरा. दोन्ही प्रकारांत इंजिन ४, ६, ८, १० किंवा १२ इंच मागे जातं.

मागे गेल्याचे परिणाम दोन. पहिला वजनाचा. सुमारे १०० किलोचं इंजिन १० इंच, म्हणजे पाव मीटर मागे गेलं, तर तोल पूर्वीसारखा करायला २५ किलोची बॅटरी पूर्ण एक मीटर पुढे सरकवावी लागेल. प्लेटचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. दुसरा परिणाम पाण्याचा. धावत्या बोटीच्या बुडाखालून सुटलेलं पाणी फळीच्या मागे हळूहळू वर चढतं. ढोबळ हिशेब असा की दर ८ ते १० इंच मागे गेल्यावर पाणी साधारण एक इंच वर आलेलं असतं. म्हणून १० इंची प्लेट लावून इंजिन जुन्याच उंचीवर ठेवलं, तर पंखा पाण्यात गरजेपेक्षा एक इंच जास्त खोल चालतो, गिअरचा दांडा (इंजिनचा पाण्यात बुडणारा खालचा भाग) उगाच पाणी कापतो आणि वेग जातो. तेच इंजिन उत्साहाच्या भरात तीन इंच उचललं, तर पंखा हवा खातो. दोन्ही टोकांची तक्रार एकच ऐकू येते, ‘बोट पळत नाही’. उपाय मात्र उलट दिशांचे आहेत.

पहिली पायरी: बोट ट्रॉलीवर असतानाच

किल्ली काढा, किल स्विचची (दोरी सुटताच इंजिन बंद करणाऱ्या कळीची) दोरी काढून खिशात ठेवा आणि मग मागे जा.

सर्वांत आधी रेसची केबल. माझ्या मते ‘प्लेट लावल्यावर आरपीएम चढत नाही’ या तक्रारीत पहिला संशय इथेच घ्यावा. इंजिन दहा इंच मागे आणि दोन इंच वर गेलं, केबल जुन्याच मापाची राहिली. ती ताणली जाते किंवा नको तिथे मुडपते आणि हँडल पूर्ण पुढे असूनही इंजिनवरचा थ्रॉटल पूर्ण उघडत नाही. इंजिनचं झाकण काढा, एकाला हँडलपाशी बसवा, दुसऱ्यानं थ्रॉटलचा दांडा शेवटच्या टोकाला टेकतो का ते डोळ्यांनी बघावं. इंजिन बंद असताना गिअर टाकायचा तर पंखा हातानं सावकाश फिरवावा लागतो, नाहीतर गिअर अडतो. त्याच वेळी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि इंजिन पूर्ण वर-खाली टिल्ट करा. एखाद्या कोनातच केबल ताणत असेल तर ती याच वेळी सापडते. ओढून-ताणून भागवू नका. आखूड केबल बदलायचीच.

पेट्रोलच्या नळीचं तसंच. ती प्लेटच्या दोन पट्ट्यांमध्ये चिमटते किंवा वळणावर मुडपते. जागेवर इंजिन छान चालतं, पूर्ण रेसला काही सेकंदांत दम तोडतं. खात्री पाण्यात करता येते. दम तुटायला लागला की सोबत्यानं नळीतला रबरी फुगा दाबायचा. इंजिन लगेच सावरलं तर दोष पेट्रोलच्या वाटेत आहे. फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा टाकीकडच्या बाजूला, चपटा न होता इंजिन मरत असेल तर फुग्याच्या पुढे शोधा.

बॅटरीच्या वायरी ओढल्यासारख्या ताठ नसाव्यात. हायड्रॉलिक स्टिअरिंगचे पाइप कुठे घासत नसावेत.

आता मागची फळी. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या फायबर बोटींत फळीच्या आत प्लायवूड असतं. जुनी भोकं नीट बुजवली नसतील तर ते पाणी पितं आणि कुजतं. प्लेट लावल्यावर त्याच फळीवर पूर्वीपेक्षा जास्त पीळ येतो, कारण ओझं लांब गेलेलं असतं. लाकडी मुठीनं फळीवर ठोकत जा. टणक आवाज जाऊन मध्येच बद्द आवाज आला तर थांबा. एखादा खालचा बोल्ट काढल्यावर तपकिरी पाणी झिरपलं तर पुढची कुठलीही जुळवणी करण्यात अर्थ नाही, आधी फळी दुरुस्त. तिसरी परीक्षा म्हणजे इंजिन अर्धं टिल्ट करून गिअरचा भाग धरून हळू दाबायचा आणि दुसऱ्यानं प्लेट व फळीच्या सांध्याकडे बघायचं. सांधा उघडमीट करता कामा नये.

बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आतून रुंद वायसर, भोकांत बोटीसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट. बाथरूमचं सिलिकॉन इथे चालत नाही. वर्कशॉपमधून लोखंडी पट्टीची प्लेट वेल्डिंग करून आणणारे भेटतात. स्वस्त पडते, पण भाराखाली ती किती वाकेल याचा हिशेब कोणी केलेला नसतो. इंजिन मागेपुढे डोलत असेल तर कितीही मोजमाप करा, प्रत्येक फेरीला वेगळंच उत्तर येईल. तयार प्लेटवर ती किती एचपीपर्यंत चालते ते लिहिलेलं असतं, ते वाचा.

शेवटी इंजिन मधोमध आहे का ते टेपनं दोन्ही काठांकडून मोजा.

दुसरी पायरी: उंची मोजणं

याला गवंडी प्लास्टरसाठी वापरतात ती अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी आणि गुण्या पुरतो. पट्टी बोटीच्या बुडाला मधोमध टेकवून मागे पंख्यापर्यंत काढा. इंजिन इतकं टिल्ट करा की पंख्याच्या वरची आडवी पट्टी त्या सरळ पट्टीला समांतर होईल. आता बुडाच्या रेषेपासून आडवी पट्टी किती वर किंवा खाली आहे ते लिहून घ्या. बास बोटीच्या बुडाला मागे मधोमध अरुंद सपाट पट्टा असतो, त्याला पॅड म्हणतात. तिथे माप पॅडच्या रेषेपासून पंख्याच्या दांड्याच्या मध्यापर्यंत घेतात.

सुरुवात कुठून करायची? साध्या बोटीला प्लेट नसताना आडवी पट्टी बुडाच्या रेषेत किंवा त्याच्या वर एक इंचापर्यंत ठेवायची. प्लेट लावल्यावर वरच्या हिशेबानं तेवढी वाढ द्या, म्हणजे १० इंच मागे असेल तर साधारण एक इंच आणखी. पॅडच्या बास बोटीला दांडा पॅडच्या खाली चार इंचांच्या आसपास ठेवून सुरुवात सुरक्षित. यापेक्षा वर जाणं अनुभवी माणसाचं काम आहे आणि तेही मोजून.

तिसरी पायरी: पाण्यावरची चाचणी

चाचणी सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. दुपारच्या लाटांत घेतलेल्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. मोबाइलवरचा जीपीएस वेगासाठी पुरेसा आहे. एकदा प्रवाहाच्या दिशेनं आणि एकदा उलट पळा, दोन्हींची सरासरी लिहा. दरवेळी माणसं तेवढीच, पेट्रोल तेवढंच, सामान जागच्या जागी. लाइफ जॅकेट अंगात आणि किल स्विचची दोरी मनगटाला हवीच. प्लेट बदललेल्या बोटीचं वागणं अजून तुमच्या हाताला कळलेलं नाही, त्यामुळे या दिवशी दोरी विसरून चालणार नाही. धरणाच्या भिंतीपासून आणि दरवाजांपासून दूर राहा. जलाशयात बोट घालायची परवानगी संबंधित कार्यालयातून आधी घेतलेली असावी, आणि यांत्रिक बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार नोंदणी लागते.

वहीत चार रकाने पुरतात: उंची, पूर्ण रेसला आरपीएम, वेग, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा दाब. दाबाचं मीटर नसेल तर इंजिनच्या बाजूनं येणारी पाण्याची धार बघायची.

एका वेळी एकच बदल. उंची बदलली तर पंखा तोच राहील, पंखा बदलला तर उंची तीच राहील. उंची दोन-दोन सुतांनी, म्हणजे पाव-पाव इंचानं बदला. उंची वाढवत गेलात की काही टप्प्यांपर्यंत वेग आणि आरपीएम दोन्ही थोडे वाढतात. मग एक टप्पा येतो जिथे आरपीएम वाढतो आणि वेग थांबतो, किंवा साध्या वळणावर पंखा सुटतो, किंवा पाण्याचा दाब एकदम पडतो. तिघांतलं जे आधी दिसेल तिथे थांबून दोन सूत खाली या. ती तुमच्या बोटीची उंची.

पाण्याचा दाब मी मुद्दाम वेगळा सांगतो. गिअरच्या दांड्यावर जिथून पाणी आत ओढलं जातं ती जाळी इंजिन उचलल्यावर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येते. हवा आत गेली की पंपातलं रबरी इंपेलर कोरडं फिरतं आणि जळतं, मग इंजिन तापतं. हतनूरसारख्या गाळाच्या पाण्यात इंपेलर आधीच झिजलेलं असण्याची शक्यता असते, त्यामुळे प्लेट बसवतानाच नवं टाकून घेतलेलं बरं. धार बारीक झाली तर इंजिन बंद करून आधी धारेचं भोक बारीक तारेनं मोकळं करून बघा, कधीकधी नुसता गाळ अडकलेला असतो. भोक साफ असूनही धार बारीक असेल तर इंजिन खाली घ्या. तापल्याचा भोंगा वाजल्यावर ‘काठापर्यंत तर जाऊ’ म्हणून रेस देत राहू नये. इंजिन बंद करून वल्ह्यानं आलं तरी चालेल.

चौथी पायरी: लक्षणावरून दोष

*आरपीएम चढतो, वेग नाही.* पंखा हवा खातोय किंवा पंख्याच्या आतली रबरी बुश सरकतेय. दोन्हींत इंजिन ओरडतं आणि बोट जागची हलत नाही, म्हणून गफलत होते. ओळखायची युक्ती सोपी आहे. पंखा काढून बुशच्या आतल्या बाहीपासून पंख्याच्या बाहेरच्या भागापर्यंत ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारा, वाळू द्या, पंखा बसवून एक जोरदार फेरी मारा, पुन्हा बघा. रेघ तुटून बाजूला सरकली असेल तर बुश गेली. रेघ जागेवर असेल तर हवा, तेव्हा इंजिन दोन सूत खाली घ्या. पंख्याच्या समोर फळीवर लावलेला मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर किंवा बुडाचा मधला कणा पाणी फाडत नाही ना, तेही बघा. पंखा काढलाच आहे तर मागे दांड्याला नायलॉन जाळ्याचे धागे गुंडाळलेत का ते तपासा. ते धागे सील कापतात आणि गिअरच्या तेलात पाणी जातं. तेल दुधाळ दिसलं तर सील गेलेलं आहे.

*आरपीएम पूर्वीपेक्षा कमी.* थ्रॉटल, पेट्रोलची नळी, मग जास्त खोल बसलेलं इंजिन, याच क्रमानं. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. गरम आणि विरळ हवेत इंजिनची ताकद घटते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर असताना घेतलेला आकडा जानेवारीतल्या सकाळच्या आकड्याशी जुळणार नाही. उंचीचाही फरक पडतो, दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के. उकाईची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे १०५ मीटर, हतनूरची २१४, गिरणा धरणाची सुमारे ३९८. म्हणजे उकाईत जुळवलेली बोट गिरणेवर नेली तर जरा मंद वाटणारच. प्लेटआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच पाण्यावरचे, एकाच ऋतूतले असावेत.

*नाक वरखाली आपटतं.* वजन मागे गेल्याचं हे सरळ लक्षण. आधी ट्रिम (धावताना इंजिनचा कल) आत, म्हणजे फळीच्या बाजूला घ्या. इंजिन मागे गेल्यामुळे त्याला बोट उचलायला आता लांब दांडा मिळालाय, म्हणून पूर्वीइतकं बाहेर ट्रिम लागतच नाही. जुन्या सवयीनं बटण तेवढंच दाबलं की नाक नाचतं. तरीही थांबलं नाही तर बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे हलवा.

*बोट पाण्यावर उठायला वेळ लावते, नाक आभाळाकडे.* याला पिकअप गेला म्हणतात. सुटताना ट्रिम पूर्ण आत असावं, हायड्रॉलिक प्लेट असेल तर इंजिन खाली असावं आणि बोट उठल्यावर वर घ्यावं. हातानं फिरवायच्या प्लेटला ही सोय नाही, तिथे सुटण्याचा जोर आणि अखेरचा वेग यांत मधला मार्ग काढावा लागतो. ओझं घेऊन उथळ पाण्यात फिरणाऱ्याला मी सुटण्याच्या जोराला महत्त्व द्यायला सांगेन.

*स्टिअरिंग एका बाजूला ओढतं.* आडव्या पट्टीखाली लहान पर असतो. बोट उजवीकडे ओढत असेल तर पराचं मागचं टोक उजवीकडे सरकवा, डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. इंजिन खूप वर असेल तर पर पाण्याबाहेर राहून निकामी होतो.

*वेगात बोट डावी-उजवी डुलते आणि डुलणं वाढत जातं.* ताबडतोब पण हळू रेस कमी करा, झटक्यात सोडू नका. काठाला येऊन स्टिअरिंगमधली ढिलाई शोधा. ढिलाई काढून आणि इंजिन खाली घेऊनही डुलणं राहिलं तर नवख्यानं त्या वेगाला जाऊच नये.

पाचवी पायरी: घसरणीचा हिशेब

पंख्यावर त्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो कागदावर किती पुढे जायला हवा ते अंतर, इंचांत कोरलेला असतो. आरपीएमला गिअरच्या गुणोत्तरानं भागा, पिचनं गुणा आणि ०.००१५२४ नं गुणा. येतो तो ताशी किलोमीटरमधला कागदावरचा वेग. समजा ५,५०० आरपीएम, गुणोत्तर २ आणि पिच १३, तर उत्तर सुमारे ५४.५ येतं. जीपीएसवर ४६ दिसले, तर ८.५ कमी, म्हणजे साधारण १६ टक्के घसरण. हलक्या, पळणाऱ्या बोटीला १० ते २० टक्क्यांमधली घसरण चालते, नीट जुळवलेल्या बास बोटीला ती त्याहूनही कमी येते. ३० टक्के आली तर पंखा हवा खातोय, बुश सरकतेय किंवा पाती वाकलीत. उत्तर शून्याखाली आलं तर पिच, गुणोत्तर किंवा मीटर यांतला एखादा आकडा खोटा आहे.

पंखा बदलायचा तर शेवटी

उंची, तोल आणि केबल जुळल्यावर पूर्ण रेसला आरपीएम इंजिनच्या पुस्तकात दिलेल्या पट्ट्यात येतो का ते बघा. कमी पडत असेल तर कमी पिचचा पंखा, वर जात असेल तर जास्त पिचचा. एक इंच पिचनं साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. उचललेल्या इंजिनला वळणावर पंखा सुटत असेल तर चार पात्यांचा पंखा पाणी जास्त धरतो, अखेरचा वेग किंचित जातो. नवा पंखा विकत घेण्याआधी कोणाचा उसना मिळाला तर लावून बघा.

सगळं जुळलं की प्लेटवर त्या उंचीची खूण ऑइल पेंटनं करून ठेवा. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, सीलंट दबून बसल्यानं ते सैल झालेले असू शकतात. पावसाळ्यानंतर धरण भरलं आणि बोटीवर माणसं-सामान वाढलं, तर बोट पाण्यात आणखी बसते. तेव्हा खुणेपासून पुन्हा दोन-दोन सुतांनी चाचणी घ्या आणि नवे आकडे त्याच वहीत तारीख घालून लिहा.